तिसऱ्या ओळीतली हाक

तिरुमरुदूरच्या शिवमंदिरात मासिलामणी ओदुवार छत्तीस वर्षं गात होता, आणि एवढ्या वर्षांत त्याचं गाणं ऐकायला म्हणून कुणी आलं नव्हतं. लोक यायचे देवासाठी. कुणी नवस फेडायला, कुणी मुलीच्या लग्नाचं साकडं घालायला, कुणी नुसतंच गार फरशीवर टेकायला. मासिलामणी गाभाऱ्याच्या उजव्या अंगाला उभा राही. हातातले छोटे टाळ वाजवत तो बारा-तेराशे वर्षांपूर्वीच्या शैव संतांची तमिळ पदं त्यांच्या ठरलेल्या चालींत म्हणे. अशी पदं देवापुढे म्हणणाऱ्याला ओदुवार म्हणायचं, आणि या चालींना पण्ण. आजचे गवई ज्यांना राग म्हणून मिरवतात त्यांची ही पणजोबा मंडळी, असं मासिलामणीचं ठाम मत होतं. हे मत तो विचारलं नाही तरी सांगे.

ना तंबोरा, ना मृदंग. दिवसातून तीन वेळा पूजा, पूजेनंतर आरतीचा दीप, आणि दीपासोबत त्याचा आवाज. दीप फिरायचा थांबला की लोक राखेचा अंगारा घ्यायला पुढे सरकत आणि तो शेवटची ओळ त्यांच्या पाठीला ऐकवी.

त्याला याचं वाईट वाटत नसे, असं तो म्हणे. त्याची बायको कोमळवल्ली मात्र शेजारणीला सांगायची, "यांना देवानं ऐकलं तर पुरतं, फक्त देवानं दुसऱ्या कुणाचं ऐकता कामा नये."

तिचं काही खोटं नव्हतं. मासिलामणी स्वभावानं जळका होता, आणि ते दुखणं लहानपणचं होतं. दहाव्या वर्षी त्याला मठाच्या पाठशाळेत घातलं, तेव्हा त्याच्याबरोबर गावातलाच सट्टैनाथन होता. वैद्यलिंग देसिकर नावाचे गुरू. चटईवर समोरासमोर बसून आठ वर्षं दोघांनी एकाच तोंडून पदं घेतली. मासिलामणीचं पाठांतर असं की गुरू चारचौघांत म्हणायचे, "याच्या डोक्यात गेलं की दगडावर कोरलं." सट्टैनाथनबद्दल ते काहीच म्हणत नसत. पण तो गायला लागला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. चौदा वर्षांच्या मासिलामणीनं हे पाहिलं आणि तेव्हापासून त्याला शाबासकी गोड लागेना. स्तुती आपल्या वाट्याला आणि मिटलेले डोळे दुसऱ्याच्या, हा हिशेब त्याला कधीच पटला नाही.

शिक्षण पुरं व्हायला थोडे महिने उरले असताना सट्टैनाथनचे वडील गेले आणि तो घरी परतला. पुढे त्यानं लग्नकार्याला पातेली, कढया, खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा काढला. मासिलामणी ओदुवार झाला. गावच्या एका गल्लीत मंदिर, दुसऱ्या गल्लीत पातेल्यांचं गोदाम. दोघं भेटले की हवापाण्याचं बोलत. गाण्याचा विषय कुणी काढत नसे, आणि मासिलामणीला वाटे, चला, देवानं न्याय केला.

मग ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, एका सकाळी यदुगिरी आली.

चेन्नईची गायिका, वय पस्तीस-छत्तीस, साधी सुती साडी. नाव बरंच मोठं होतं, पण मंदिरात तिला कुणी ओळखलं नाही. मासिलामणीनं ओळखलं, कारण मैफलींच्या बातम्या तो वर्षानुवर्षं बारकाईनं वाचायचा आणि वाचून झाल्यावर त्या पानावर डोशाचं पीठ सांडलं तरी पुसायचा नाही. पूजा संपेपर्यंत ती खांबापाशी उभी राहिली. अंगारा घ्यायला पुढे गेली नाही. सगळे गेल्यावर तिनं त्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली की जुन्या पण्णांची पदं तिला मुळातून शिकायची आहेत, पुस्तकातल्या स्वरलिपीवरून नाही, परंपरेनं गाणाऱ्याकडून.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला ऐकायला आलं होतं. मासिलामणीला लगेच हो म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुम्ही लोक मैफलीत आमची पदं गाता ती कधी? शेवटी. लोक चपला शोधायला लागले की."

"म्हणूनच आले, ओदुवार. शेवटी नाही गायचं मला. मधोमध गायचंय."

"बघू. उद्या पहाटेच्या पूजेला या."

ती आली. त्यानं तिला पूजा संपेपर्यंत उभं ठेवलं आणि आज वेळ नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली, तेव्हा त्यानं सांगितलं की ही विद्या चार महिन्यांत मैफलीत मिरवायची नसते. गुरू शिष्याला तीनदा परत पाठवतो हे त्यानं ऐकलं होतं, स्वतः भोगलंही होतं. चौथ्या दिवशी ती आली की हो म्हणायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. कोमळवल्लीकडून त्यानं पाहुणीसाठी नवी चटईसुद्धा काढून घेतली.

चौथ्या दिवशी यदुगिरी आली नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्याला नको आहे, कशाला छळा. फुलवालीला तिनं विचारलं, गावात आणखी कुणी जुनं शिकलेलं आहे का. फुलवाली म्हणाली, "पातेलीवाल्या सट्टै अण्णाला विचारा. ओदुवारांबरोबरच शिकलाय म्हणतात."

झालं. कोमळवल्लीनं चटई गुंडाळून परत माळ्यावर टाकली. ते मासिलामणीला टोमण्याहून जास्त लागलं.

त्यानंतर यदुगिरी दर आठवड्याला यायची. सट्टैनाथनच्या गोदामात, पाचशे माणसांच्या सांबाराची पातेली एकमेकांत घातलेली, त्यांच्या मधोमध दोघं बसायची. मासिलामणीचा बाजारात जायचा रस्ता त्या गल्लीतून नव्हता, पण आता तो तिथूनच जाऊ लागला. कधी वांगी घ्यायला, कधी काही न घ्यायला. आत सट्टैनाथनचा आवाज घुमायचा. साठीला टेकलेला, जरा खरखरीत, पण वर चढताना अजून तसाच सुटा. भिंतीच्या अलीकडे मासिलामणी उभा राहायचा आणि आतली बाई डोळे मिटून ऐकत असेल का, एवढंच त्याच्या मनात यायचं.

एकदा सट्टैनाथन स्वतःच मंदिरात आला. एका पदाचं पाचवं कडवं त्याला आठवत नव्हतं. चाळीस वर्षांत विसरलो म्हणाला, आणि तुझ्याशिवाय विचारू कुणाला, असंही म्हणाला. मासिलामणीला ते कडवं झोपेतही म्हणता आलं असतं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, वर छताकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही रे. मलाही नाही आठवत."

सट्टैनाथननं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, बरं म्हणाला आणि गेला. त्या दिवशी सांजपूजेला तेच पद म्हणायचा क्रम होता. मासिलामणीनं दुसरं म्हटलं.

मार्गळी महिन्यात, डिसेंबराच्या मध्यावर, चेन्नईत मैफलींचा हंगाम सुरू झाला. यदुगिरीनं बोलल्याप्रमाणे केलं. सेव्वळी पण्णातलं एक पद तिनं मैफलीच्या ऐन मध्यावर घेतलं आणि पाऊण तास मांडलं. गाण्याआधी तिनं सांगितलं की हे तिला तिरुमरुदूरच्या सट्टैनाथ अण्णांनी दिलं. त्याचं चित्रण दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक फोनवर होतं. चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, सगळीकडे. पातेलीवाल्याला लोक वाकून नमस्कार करू लागले. आणि वर कडी म्हणजे मंदिरात येणाऱ्या एका बाईनं मासिलामणीलाच विचारलं, "ओदुवार, ते यदुगिरीचं गाणं तुम्हाला येतं का हो?"

ते गाणं तो छत्तीस वर्षं दर सोमवारी सांजपूजेला गात होता. ती बाई गेली वीस वर्षं दर सोमवारी सांजपूजेला येत होती.

तो घरी आला, जेवला नाही, बायकोचा फोन मागून घेतला आणि परसात केळीखाली जाऊन बसला. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. यदुगिरी चांगली गात होती, आणि तेच सहन होत नव्हतं. तिसऱ्यांदा ऐकताना तो एकदम ताठ झाला. पदाच्या तिसऱ्या ओळीत देवाला हाक आहे, 'एंदाय', म्हणजे माझ्या बापा. मासिलामणी ती हाक निषादापर्यंत नेऊन लगेच खाली वळवायचा. यदुगिरी थेट वरच्या षड्जावर गेली आणि तिथेच थांबली. टाळाचे सात ठोके. मग कुठे खाली उतरली.

चूक! सट्टैनाथननं चुकीचं शिकवलं होतं. आणि तेच चुकीचं हजार लोकांनी टाळ्या वाजवून घेतलं होतं.

मासिलामणी घरात आला तो हसत. कोमळवल्लीला म्हणाला, भात वाढ. सार, भात, ताक असं तीनदा मागून जेवला. जेवून झाल्यावर यदुगिरीला पत्र लिहायला बसला. चार वेळा खाडाखोड करून शेवटचा मसुदा असा सभ्य झाला की त्यातला आनंद वाचणाऱ्याला दिसू नये. तिसऱ्या ओळीत घोटाळा आहे, असं लटकत ठेवणं आमच्या परंपरेत नाही, आपल्यासारख्या कलावंताकडून चूक रूढ होऊ नये एवढ्याच तळमळीनं लिहितो, वगैरे.

"तळमळ कसली, मळमळ म्हणा," कोमळवल्ली म्हणाली. पण पत्र टाकायला तीच गेली.

उत्तर आठ दिवसांत आलं. यदुगिरीनं आभार मानले होते. कुंभकोणमला मरुदमुत्तु नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांनी तरुणपणी मंदिरांच्या उत्सवांत जुन्या ओदुवारांचं गाणं फितीवर भरून ठेवलं आहे. वैद्यलिंग देसिकरांची एक फीत त्यांच्याकडे निघाली असून तिच्यात हे पद आहे. तुम्ही आणि अण्णा दोघं आलात तर एकत्र ऐकू आणि जे खरं ते पुढच्या वेळी गाईन, असं तिनं लिहिलं होतं.

मासिलामणीनं पत्र दोनदा वाचलं आणि नेसायची वेष्टी धोब्याकडे टाकली.

ठरलेल्या दिवशी सकाळच्या बसनं तो आणि सट्टैनाथन कुंभकोणमला गेले. बसमध्ये पुढची-मागची जागा घेतली. मासिलामणीनं कपाळावर भस्माचे तीन पट्टे असे ओढले होते की जणू उत्सवच आहे. मनातल्या मनात तो काय काय बोलायचं ते घोळवत होता. तुझा दोष नाही सट्टै, धंद्यात राहून एवढं लक्षात ठेवलंस हेच खूप. हे वाक्य त्याला विशेष आवडलं होतं.

मरुदमुत्तूंच्या घरी यदुगिरी आधीच आलेली होती; ओटीवर चौघं बसले. कॉफी झाली. मोठ्या चकत्यांचं जुनं यंत्र पोस्टमास्तरांनी स्वतःच्या हातानं लावलं. आधी खरखर, मग एक मूल रडल्याचा आवाज, कुठेतरी घंटा, आणि मग वैद्यलिंग देसिकर. चाळीस वर्षांनी. मासिलामणीचे हात आपोआप जोडले गेले. शेजारी सट्टैनाथननं उपरण्यानं तोंड झाकून घेतलं होतं.

पहिली ओळ. दुसरी. तिसरीला गुरूंचा आवाज चढला, निषाद मागे टाकला, वरच्या षड्जावर गेला आणि थांबला. मासिलामणीची बोटं मांडीवर मोजत होती. सात. मग आवाज खाली उतरला.

 पोस्टमास्तरांनी फीत मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा सात.

सट्टैनाथन जमिनीकडे बघत होता. तो हसला असता तर मासिलामणीला बरं वाटलं असतं.

यदुगिरीनं हळूच विचारलं, "ओदुवार, तुम्ही खाली वळता ती जागा मी एका सोमवारी मंदिरात ऐकली होती. तीही मनात राहिलीय. ती कुणाकडून आली?"

कुणाकडून आली? तो सांगायला गेला, गुरूंकडून, आणि मध्येच थांबला. कारण त्याला एक हात आठवला, थरथरणारा. तो नोकरीला लागला तेव्हा पूजेला चंद्रमौळी गुरुक्कळ, म्हणजे पुजारी, होते, ऐंशीच्या घरातले. सोमवारचा पाच थरांचा पितळी दीप त्यांना पेलवत नसे. हाकेवर दीप वर धरायचा आणि हाक उतरली की खाली घ्यायचा, अशी रीत. त्या सात ठोक्यांत म्हाताऱ्याचं कोपर लटलटायचं, गरम तेल मनगटावर ओघळायचं. तेवीस वर्षांच्या मासिलामणीला ते बघवलं नाही. एका सोमवारी त्यानं हाक आधीच वळवली. गुरुक्कळांनी दीप खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. पुढच्या सोमवारीही त्यानं तेच केलं. गुरुक्कळ वारले त्याला तीस वर्षं झाली, आता त्यांच्या जागी पैलवानासारखा तरुण होता. हाक तशीच राहिली, आणि ती आपण कापली होती हे कापणाराच विसरला.

त्यानं हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मंदिरातून आली."

परतीच्या बसमध्ये सट्टैनाथन त्याच्या शेजारी येऊन बसला. दोघं बाहेरची भातशेती बघत होते.

"माझं बरोबर राहिलं कारण मी ते वापरलंच नाही," सट्टैनाथन म्हणाला. "पेटीत ठेवलेली शाल. तू रोज अंगावर घेतलीस, म्हणून विरली."

"वा! म्हणजे तू गुरूंचा वारस, आणि मी पायपुसणं."

"चिडू नकोस. तुला एक सांगतो. सोमवारी संध्याकाळी मी कधी मंदिराच्या गल्लीतून जात नाही. छत्तीस वर्षं झाली. गोदामातून घरी जायला ती वाट जवळची आहे, तरी तळ्याला वळसा घालून जातो."

"का?"

"तुझा आवाज ऐकू येतो म्हणून. ती जागा माझी होती, असं वाटायचं. बाप सहा महिने आणखी जगला असता तर मी तिथे असतो. भांडी घासताना तुझ्या घशाला काहीतरी व्हावं असंही मागितलंय देवाकडे. एकदा तुला खोकला झाला होता ना, महिनाभर? तेव्हा मी फक्त नारळ फोडायचा बाकी ठेवला."

 आयुष्यभर आपण ज्याच्यावर जळलो तो आपल्यावर जळत होता, हे ऐकून मासिलामणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि असं चढावं याची लाजही वाटली.

"ते पाचवं कडवं," तो म्हणाला. "मला येत होतं."

"माहीत होतं. तू छताकडे बघितलंस. खोटं बोलताना पाठशाळेतही तू छताकडेच बघायचास."

पुढच्या सोमवारी मासिलामणीनं गुरूंसारखी हाक घेतली. निषाद मागे टाकला, षड्जाला हात घातला, आणि दुसऱ्याच ठोक्याला आवाज फाटला. तरुण गुरुक्कळ दमदार हातात दीप धरून त्याच्याकडे चकित होऊन बघत होता. त्याच्या पुढच्या सोमवारी तीन ठोके. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा दोन. छत्तीस वर्षं गळ्याला त्या उंचीवर नेलंच नव्हतं, आता गळा कशाला ऐकतोय? घरी तो पडवीत बसून घासून बघायचा. शेजारचा कुत्रा उठून जायचा.

महिन्याभरानं तो गोदामात गेला. सट्टैनाथन कढया मोजत होता. मासिलामणी दारातच उभा राहिला.

"सोमवारी ये मंदिरात," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तिसऱ्या ओळीला. बाकीचं मी म्हणेन. तू फक्त तेवढी हाक म्हण. आणि माझ्या मागे उभा राहा, पुढे नाही."

सट्टैनाथननं हातातली कढई खाली ठेवली आणि चेहरा दुसरीकडे वळवला. मग म्हणाला की सोमवारी बहुतेक लग्नं नसतात, जमेल.

आता दर सोमवारी असंच चालतं. दोन ओळी मासिलामणी म्हणतो. तिसरीला त्याच्या पाठीमागून सट्टैनाथनची हाक वर जाते आणि थांबते. अंगाऱ्यासाठी पुढे सरकणारे लोकही थांबतात. हल्ली माणसं थोडी जास्त असतात. यदुगिरीनं पुढच्या हंगामात ते पद पुन्हा गायलं तेव्हा दोघांची नावं घेतली. देसिकरांची हाक आधी घेतली, मग मंदिरातली वळवलेली हाकही घेतली, आणि दोन्ही खऱ्या आहेत म्हणाली. फक्त नावं घेताना सट्टै अण्णांचं आधी घेतलं. मासिलामणीनं ते चित्रण एकदाच पाहिलं आणि फोन बायकोला परत दिला.

"अक्षरक्रमानं घेतलं असेल," कोमळवल्ली म्हणाली.

"अक्षरक्रमानं मी आधी येतो," तो म्हणाला.

सोमवारी सात ठोके पुरे होतात तेव्हा म्हाताऱ्या बाया डोळे मिटून उभ्या असतात. मासिलामणी त्यांच्याकडे बघत नाही. पण सातवा ठोका विरायच्या आतच, जरा लवकरच, तो चौथी ओळ उचलतो.